लक्ष्मीबाईंच्या हातची पोथी

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, आपल्याकडं बस्तीत ग्रंथांची पूजा होते. कपाटातले धवलेचे जाडजूड खंड बाहेर निघतात, धूळ झटकली जाते, चौरंगावर मांडून अर्घ्य वाहिलं जातं आणि संध्याकाळी ते परत कपाटात जातात. आपल्यापैकी बहुतेकींचा या ग्रंथांशी संबंध एवढाच. आतला विषय अवघड आहे, हे खरं. कर्मसिद्धान्ताचं ते बारीक गणित. चार पानं वाचली की माझंही डोकं थकतं. पण हे खंड आपल्या कपाटापर्यंत आले कसे, ही गोष्ट समजायला काही पांडित्य लागत नाही. ती आपल्याच मुलखातल्या माणसांची गोष्ट आहे. सोलापूर, मिरज, सदलगा, कारंजा, अमरावती ही सगळी गावं तिच्यात येतात. आणि तिच्यात एक बाई आहे, जिच्या वाट्याला छापील इतिहासात जेमतेम दोन ओळी आल्या आहेत. त्या दोन ओळींसाठीच मी हे लिहायला बसले.

आधी ग्रंथ कोणते ते सांगते. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम रचला. त्याच्यावर वीरसेनाचार्यांनी ‘धवला’ नावाची टीका लिहिली, बहात्तर हजार श्लोकांएवढी. ती इ. स. ८१६ मध्ये पुरी झाली. मग त्यांनी कसायपाहुड या दुसऱ्या ग्रंथावर ‘जयधवला’ लिहायला घेतली. वीस हजार श्लोकांएवढं काम झालं आणि वीरसेन गेले. उरलेलं चाळीस हजारांचं काम त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये पुरं केलं. षट्खंडागमाचा सहावा खंड म्हणजे ‘महाबंध’. लोक त्याला महाधवल म्हणतात. पुढं शतकं लोटली, ठिकठिकाणच्या प्रती नाहीशा झाल्या, आणि हे ग्रंथ उरले एकाच गावी. दक्षिण कन्नड भागात मूडबिद्री म्हणून क्षेत्र आहे, तिथल्या सिद्धान्त बस्तीत. ताडपत्रावर, जुन्या कन्नड लिपीत. यात्रेकरू यायचे, रत्नांच्या प्रतिमांचं दर्शन घ्यायचे, ताडपत्रांना लांबून हात जोडायचे आणि परतायचे.

१८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद संघ घेऊन तिथं गेले. मंगळूरला रेल्वे पोचली १९०७ साली, तेव्हा त्या काळचा तो प्रवास किती दगदगीचा असेल, याचा अंदाज करा. माणिकचंदांचा धंदा मोत्यांचा. रत्नं पारखणारा माणूस, पण त्याची नजर रत्नप्रतिमांवरून ताडपत्रांवर गेली आणि तिथंच अडकली. पानं जीर्ण होत होती. त्यांनी पंचांना विचारलं, हे कुणी वाचू शकतं का? पंचांनी सरळ सांगितलं, की आम्ही दर्शन-पूजन करतो, त्यातच जन्माचं सार्थक मानतो. वाचणारे म्हणाल तर श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आहेत.

माणिकचंदांनी परतल्यावर सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना पत्र लिहिलं. हिराचंद म्हणजे ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक काढणारे. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. पत्र मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी ते ब्रह्मसूरी शास्त्र्यांना बरोबर घेऊन मूडबिद्रीला गेले. शास्त्र्यांनी धवलेचं मंगलाचरण वाचून दाखवलं. शेकडो वर्षं नुसत्या पूजेत असलेले शब्द कानांवर पडले. हिराचंदांनी तिथंच ठरवलं, याची नक्कल करून घ्यायचीच.

ठरवलं खरं, पण पुढं काय झालं ते ऐका. दोघंही शेठजी घरी आले, आपापल्या व्यापारात गुंतले आणि दहा वर्षं गेली. मोठ्या कामाला पहिला अडथळा बहुतेक वेळा असाच येतो. वैरी आडवा येत नाही, रोजचा संसार आडवा येतो. आपण बायका हे चांगलं जाणतो.

मधल्या काळात अजमेरचे शेठ मूलचंद सोनी यांनी पुढाकार घेतला. तीनशेएक श्लोकांची नक्कल झालीही. पण शेठजींना ती प्रत अजमेरला न्यायची होती आणि मूडबिद्रीचे पंच ग्रंथ गावाबाहेर जाऊ द्यायला तयार नव्हते. काम थांबलं. पंचांना आज नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांच्या पूर्वजांनी असंच घट्ट धरून ठेवलं म्हणून तर ते ग्रंथ उरले होते. जपणाऱ्याचा हात सैल झाला की वस्तू जाते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं होतं.

शेवटी १८९६ मध्ये हिराचंद आणि माणिकचंद यांनी वर्गणी जमवून काम पुन्हा उभं केलं. ब्रह्मसूरी शास्त्री लिहायला बसले आणि मदतीला मिरजेचे गजपती शास्त्री आले. आपल्या भागात बस्तीतल्या पूजाअर्चेची वहिवाट असलेल्या घराण्यांना उपाध्ये म्हणतात; गजपती त्यांतले. जयधवलेची पंधराएक पानं लिहून झाली असतील नसतील, तोच ब्रह्मसूरी शास्त्री वारले. ज्या एका माणसाच्या वाचनावर सगळी मदार, तोच गेला. त्याच सुमाराला आपल्या मुलखात दुष्काळ आणि प्लेग आला होता. अशा वेळी ‘राहू दे, योग नव्हता’ असं म्हणून उठायला कुणालाही सबळ कारण होतं.

गजपती उठले नाहीत. मिरजेचा माणूस त्या दमट, पावसाळी मुलखात राहिला आणि सोळा वर्षं लिहीत राहिला. या कामाचं स्वरूप जरा डोळ्यांपुढं आणा. ताडपत्रावरची जुनी कन्नड अक्षरं, भाषा प्राकृत आणि मधूनमधून संस्कृत, लिहायचं नागरीत. पानाची कड तुटलेली, कुठं किड्यानं भोक पाडलेलं. एकच शब्द दोन ओळींत आला की नजर वरच्यावरून खालच्यावर घसरते आणि मधला मजकूर सुटतो. विणताना घर सुटलं तर चार ओळी पुढं गेल्यावर कळतं तरी. इथं कळतही नाही. मूडबिद्रीतल्या दुसऱ्या पंडितांनी याच काळात कन्नड लिपीतली प्रतही तयार केली. मग महाबंधाचं काम पंडित लोकनाथ शास्त्री वगैरे मंडळींनी केलं. १८९६ ते १९२२ अशी सव्वीस वर्षं गेली आणि वीसेक हजार रुपये खर्च झाले. माणिकचंद तोवर राहिले नाहीत. ते १९१४ मध्येच गेले.

आणि एवढं करून हाती काय आलं? नव्या प्रतीसुद्धा मूडबिद्रीतच राहिल्या. एकही पान बाहेर न्यायला परवानगी मिळाली नाही.

इथं लक्ष्मीबाई येतात. गजपती उपाध्यांच्या पत्नी. नवऱ्याचं काम चालू असतानाच, कुणाला न सांगता, या ग्रंथांची एक वेगळी कन्नड प्रत घरात तयार होत होती. त्या कामात मोठा वाटा होता या विदुषी बाईंचा. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत, शिकावेत, ही त्यांची मनापासूनची ओढ होती. इतिहासात त्यांच्याबद्दल आहे ते एवढंच. बाकीचं मैत्रिणींनो, आपण आपल्या अनुभवानं भरून काढू शकतो. घर परक्या गावात, नवरा दिवसभर बस्तीत, लेकरू सांभाळायचं, पाणी भरायचं, सोवळ्यातला स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकायचा, आणि त्यातून जो वेळ उरेल त्या वेळात हजारो श्लोक उतरवायचे. तेही कुणाला सांगता येणार नाही असं काम. केल्याचं कौतुक नाहीच, उलट कळलं तर बोल लागणार.

ही प्रत घेऊन गजपती सोलापूरला हिराचंदांकडं गेले. ज्या माणसानं आयुष्याची उमेदीची वर्षं या एका गोष्टीमागं घातली, तिच्यासाठी पैसा उभा केला, पंचांची मनं धरली, त्याच्या पुढ्यात ती गोष्ट आली. घ्या म्हणाले. हिराचंदांनी घेतली नाही. मूडबिद्रीच्या संमतीशिवाय बाहेर आलेली प्रत आपण ठेवणं योग्य नाही, असं त्यांचं मत पडलं.

या जागी मी दर वेळी थांबते. हिराचंद बरोबर होते, हे मला पटतं. दिलेला शब्द अडचणीच्या वेळी पाळायचा असतो. सोयीच्या वेळी तो कुणीही पाळतो. आणि लक्ष्मीबाई चुकल्या, असंही माझ्या तोंडून निघत नाही. ताडपत्र रोज थोडंथोडं झडत होतं. हिराचंदांनी आपलं स्वप्न हाताशी आलेलं असताना सोडून दिलं; लक्ष्मीबाईंनी ते जगावं म्हणून आपली रीत बाजूला ठेवली. दोघांनाही त्याची किंमत पडली. एकाच पारड्यात घालून तोलायचा माझा जीव होत नाही.

गजपती मग ती प्रत घेऊन दूर उत्तरेला सहारनपूरला गेले. तिथल्या लाला जंबूप्रसादांनी ती घेतली आणि मंदिरात विराजमान केली. पण कन्नड लिपी तिकडं वाचणार कोण? तेव्हा आपण स्वतः येऊन नागरीत उतरवून देऊ, असं गजपतींनी कबूल केलं. कामाचा शेवट आता दिसायला लागला होता. आणि घरून निरोप आला, मुलगा आजारी आहे. ते परत फिरले. पाठोपाठ लक्ष्मीबाई आजारी पडल्या आणि त्यातच त्या गेल्या. गजपतींना पुन्हा सहारनपूरला जाणं काही जमलं नाही. १९२३ मध्ये तेही वारले.

मी गेली काही वर्षं आमच्या निपाणी-चिकोडी भागातल्या वयस्कर जैन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आणि पाळणे गोळा करते आहे. जमतील तेवढी गावं पायाखाली घालायची, असा बेत होता. कोरोनाच्या दोन वर्षांत, ज्यांच्याजवळ सगळ्यांत जास्त ओव्या होत्या अशा तिघी आज्या गेल्या. त्यानंतर मोबाइल दुरुस्तीला टाकला, तर दुकानदारानं न विचारता आतलं सगळं पुसून नवा करून दिला. पन्नासेक बायकांचे आवाज त्यात होते. पुष्कळ दिवस मी वहीला हात लावला नाही. घरचे म्हणाले, जाऊ दे, तुझ्याकडून काय कमी झालं? बरोबर होतं ते. पण गजपती-लक्ष्मीबाईंची हकिगत वाचली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती समजुतीच्या शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडली. त्यांचं काम त्यांच्या हातून पुरं झालं नाही. पण ज्या दिवशी ते थांबले, त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाला उचलता येईल अशा अवस्थेत होतं. कागदावर होतं, एका जागी होतं, सलग होतं. त्यामुळंच ते तिथं संपलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक ओवी त्याच दिवशी वहीत उतरवते आणि खाली बाईचं नाव, गाव आणि तारीख घालते. प्रत्येक वहीच्या शेवटी काय राहिलंय ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या दुसरी कुणी वही उघडेल तर तिला मला विचारायला नको.

पुढची हकिगत अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते. सहारनपूरला पंडित विजयचंद्रय्या कन्नड प्रत वाचत आणि पंडित सीताराम शास्त्री नागरीत लिहीत. सीताराम शास्त्र्यांनी एक प्रत स्वतःजवळ ठेवली आणि तिच्यावरून नकला निघाल्या. आरा, सागर, वऱ्हाडातलं कारंजा, अमरावती, अशा ठिकाणी त्या पोचल्या. जे ग्रंथ एका गावच्या एका बस्तीत होते, ते आता निरनिराळ्या गावच्या कपाटांत होते. कुठलं कपाट जळो की भिजो, ग्रंथ आता जाणार नव्हता.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात डॉ. हिरालाल जैन संस्कृत शिकवायचे. ग्वाल्हेर संस्थानातल्या भेलशाचे, म्हणजे आजच्या विदिशाचे, शेठ लक्ष्मीचंद यांनी मोठी देणगी दिली. त्यातून हिरालालजींनी धवला छापायचं काम अंगावर घेतलं. मूळ ताडपत्र बघायला मिळत नव्हतं. हाती होत्या त्या नकलेच्या नकलेवरून केलेल्या नकला, चुकांनी भरलेल्या. शिवाय असे सिद्धान्तग्रंथ गृहस्थांनी वाचूच नयेत, छापणं तर दूरच, असं म्हणणाराही एक वर्ग होता. हिरालालजींनी वाद घालण्यात वर्षं घालवली नाहीत. अमरावती, आरा, कारंजा अशा तीन ठिकाणच्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत सुटलेलं दुसरीत सापडतं का, ते ओळ न् ओळ पाहिलं. मदतीला आणखी पंडित होते आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले डॉ. आ. ने. उपाध्ये होते, आपल्या चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याचे. १९३९ मध्ये पहिला खंड निघाला. नंतर महायुद्धात कागदाची टंचाई आली, तरी खंड निघत राहिले. सोळा खंड पुरे व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली.

या पहिल्याच खंडात एक प्रसंग आहे, तो आपण बायकांनी तरी विसरू नये. त्र्याण्णवावं सूत्र मनुष्यिणीबद्दल, म्हणजे मनुष्यगतीतल्या स्त्रीबद्दल आहे. ती कोणत्या गुणस्थानांत असू शकते, ते तिथं सांगितलंय. हाताशी असलेल्या प्रतींत त्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द नव्हता. संजद म्हणजे संयत, संयम धारण केलेली. संपादकांनी पुढचा-मागचा संदर्भ आणि टीका ताडून पाहिली आणि खाली टीप दिली, की इथं ‘संजद’ शब्द सुटलेला दिसतो. या एका शब्दावरून मोठं वादळ उठलं. हा भाववेद की द्रव्यवेद, यावर विद्वानांत लेखांमागून लेख झाले. तो वाद मी इथं सोडवायला बसत नाही. पण पहिले खंड हाती पडल्यावर मूडबिद्रीकरांचं मन वळलं. काम श्रद्धेनं आणि नीट चाललंय, हे त्यांनी पाहिलं आणि ताडपत्राशी पडताळणी करू दिली. त्र्याण्णवावं सूत्र काढून बघितलं, तर तिथं ‘संजद’ होता. इतक्या हातांतून जाताना नेमका स्त्रीच्या संयमाचा शब्द कुठंतरी गळला होता, आणि मूळ पान जपून ठेवलेलं होतं म्हणून तो परत मिळाला. ज्या पंचांनी ग्रंथ गावाबाहेर जाऊ दिला नाही, त्यांच्या घट्टपणाचंही इथं ऋण मानावं लागतं.

आपल्या भोजगावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनाही या ग्रंथांची काळजी लागून राहिली होती. महाबंधाचा काही हजार श्लोकांएवढा भाग किड्यांनी खाल्ला, असं १९४४ च्या सुमाराला त्यांच्या कानावर आलं. कागदाचाही भरवसा काय, म्हणून त्यांच्या प्रेरणेनं हे सिद्धान्तग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरले गेले आणि फलटणला ठेवले गेले. त्याच १९४४ साली मथुरेहून जयधवलेचा पहिला खंड छापून निघाला; शेवटचा, सोळावा खंड निघाला १९८८ मध्ये. काशीच्या भारतीय ज्ञानपीठानं महाबंध सात खंडांत काढला. १८८३ मध्ये एका यात्रेकरूच्या मनात आलेली गोष्ट संपायला १९८८ उजाडलं. एकशे पाच वर्षं.

या एकशे पाच वर्षांत ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यातला कुणीही शेवट बघायला नव्हता. वीरसेनांचंही तेच झालं होतं, हजार वर्षांपूर्वी. म्हणून मला वाटतं, अचानक काही आडवं आलं की ‘माझं काम पुरं होईल का’ हा प्रश्न आपण चुकीच्या जागी विचारतो. ते पुरं होणं आपल्या हातात कधीच नसतं. दुखणं, मरण, दुसऱ्याची परवानगी, काहीही मध्ये येतं. आज जेवढं झालंय तेवढं दुसऱ्याला उचलता येईल असं ठेवायचं, एवढं मात्र आपल्या हातात असतं. लक्ष्मीबाईंनी तेवढंच केलं.

आपल्या घरांतून अजून जुन्या वह्या आहेत. कुणाच्या सासूनं उतरवलेल्या आरत्या, कुणाच्या आजीनं लिहिलेली व्रतकथा, कुणाच्या आईचं लोणच्याचं प्रमाण. त्यांच्यावर बहुधा नाव नसतं. या दिवाळीच्या साफसफाईत अशी वही सापडली, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. पहिल्या पानावर ती कुणाच्या हातची आहे ते लिहा, गाव लिहा. अर्धी असली तरी लिहा; अर्धी असेल तर मुद्दाम लिहा.